बोलावणं नसलेलं ताट

लातूरहून निघताना आमच्या ह्यांनी एकच अट घातली, "पोलंड बघू, चर्च बघू, पण जेवण वेळेवर." आमचे हे, म्हणजे विलासराव, भूक लागली की माणसात राहत नाहीत. पण माझ्या शाळेतल्या उमरीकडच्या बाईंनी सांगितलं होतं, त्यांच्या भागात एका खेड्यात पोलंडच्या बाईनं बांधलेलं मेरीमातेचं देऊळ आहे. मी म्हटलं, काहीतरीच! आणि चोवीस डिसेंबरला सकाळची नांदेडची एसटी पकडली. माझं अर्धं तिकीट, ह्यांचं पूर्ण. लोह्यापर्यंत तोंड फुगवून बसले होते.

नांदेडहून रेल्वेनं उमरी. मुदखेडला गाडी इतका वेळ थांबली की ह्यांनी दोनदा भजी खाल्ली. उमरीत त्याच गावचे बाबूराव नावाचे रिक्षावाले भेटले. सीटमागे चाळीस रुपये. गावाचं नाव मात्र मी देणार नाही, का ते पुढे कळेल.

बाबूरावांनी वाटेत सगळं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले पोलंडचे लोक कोल्हापूरजवळच्या छावणीत राहिले होते, त्यातलीच ही हेलेनाबाई. रेल्वेतल्या इथल्या एका ख्रिस्ती माणसाशी लग्न करून या गावात आली, देऊळ बांधलं, इथंच गेली. तिच्या माघारी कुणी राहिलं नाही, पण गावानं तिचा नाताळ सोडला नाही. आता गाव सगळं हिंदू शेतकऱ्यांचं.

"तिच्या मुलखात आजच्या सांजेला एक ताट जास्तीचं वाढतेत," बाबूराव म्हणाले. "अनोळखी पाहुण्यासाठी. पण पाहुण्याला बोलवायचं न्हाई. त्यानं आपल्या पायानं यायचं."

"बरंय की," हे म्हणाले. "आपण जाऊ."

"बोलावल्याशिवाय मी सख्ख्या बहिणीकडं पानावर बसत नाही," मी ठणकावलं.

देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. आत सावळी मेरीमाता, गालावर दोन व्रण, कडेवर बाळ. पायाशी हळदकुंकू, खण, नारळ. बाजूला हेलेनाबाईची ट्रंक, जपमाळ आणि पोलिश प्रार्थनेचं पुस्तक, लाल फडक्यात पोथीसारखं बांधलेलं. झाडलोट करतात त्या काशीबाई. वय सत्तरीचं, आवाज खणखणीत.

"व्रण कशाचे?" मी विचारलं.

"कुणीतरी वार केलता म्हणं. तरी बसून हाय बगा." मग म्हणाल्या, "अकरा वर्सं झाली, माझं ताट तसंच उठतंय. सकाळी गाईला घालते. माझं घर पार शेवटाला. पाहुणे आधीच्याच घरात अडकतेत."

"कुठलं घर तुमचं?"

"सांगितलं म्हंजे बोलावणं झालं की! न्हाई सांगणार." झाडू उचलत त्याच म्हणाल्या, "निळं दार हाय. बास."

निळी दारं दोन होती म्हणे. दुसरं भिंतीपल्याडच्या जावेचं, रुक्मीणबाईचं. दोघीही विधवा, पोरं पुण्याला. शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. तेही अकरा वर्षांपूर्वीच. हे सांगताना काशीबाईंनी ट्रंक उगीच तीनदा पुसली. मला गलबलून आलं. म्हटलं, माझी रीत गेली खड्ड्यात, आज हिच्या ताटावर मी बसणार.

पहिली चांदणी दिसली आणि गाव गप्प झालं. सगळी दारं सताड उघडी, दारात माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा आढ्याकडे. एकानं आमच्या वाटेतच खुर्ची ठेवली आणि पाठ फिरवली. एक बाई फोडणीचा धूर सुपानं रस्त्यावर ढकलत होती. बाबूराव स्वतःच्या दारात उभे, ओळख दाखवेनात! हे दोनदा आत वळले, दोनदा मी चिमटा काढला.

काशीबाईंच्या दाराशी मात्र माझेच पाय अडले. बाई आत बसलेली, आमचाच कानोसा घेणारी, पण "या" म्हणेना. शेवटी डोळे मिटून उंबरा ओलांडला. चादरीखाली कडबा पसरलेला, बाळ येशू गोठ्यात जन्मला म्हणून. वर हेलेनाबाईच्या रीतीप्रमाणे बारा पदार्थ, मीठ आणि लिंबू धरून. मधोमध बटाटा भरून उकडलेल्या करंज्या. मी पानावर बसले. ताट एकच, म्हणून हे भिंतीशी. काशीबाई तोंडाला पदर लावून रडायलाच लागल्या.

घास उचलणार, तोच दारात एक म्हातारी. माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि "पाहुणं हाय व्हय" म्हणून वळली. काशीबाईंचा चेहरा पांढराफटक. मी ओळखलं, ही रुक्मीणबाई.

मी ताडकन उठले. "छे छे, आम्ही जेवून आलोय!" ह्यांच्या पोटातून त्याच क्षणी असा आवाज आला की मांजर पळालं.

रुक्मीणबाई बसल्या. मग काशीबाईंनी वरण वाढत, अगदी परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोणत्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?"

"हितल्याच. भिंतीपल्याडच्या."

"लांबून आलाव मग."

"लई लांबून."

आम्ही बाहेर सटकलो. शेजारचं निळं दार उघडं, घरात चिटपाखरू नाही, पण ताट वाढलेलं. पन्नाशीत पहिल्यांदा मी बिनबोलावता, परक्याच्या रिकाम्या घरात, नवऱ्याबरोबर एका ताटात जेवले. करंज्या अप्रतिम. ठेचा जपून खा.

परतायला शेवटची रिक्षा लवकर असते, तेवढं लक्षात ठेवा. गावाचं नाव नाही सांगितलं, कारण तुम्ही सगळे गेलात तर त्या बायांना एकमेकींची गरज उरायची नाही.

लातूरला येऊन आठ दिवस झाले. देवळाचे फोटो धूसर आलेत, मेरीमातेचे व्रण तेवढे स्पष्ट. मला घोर एकच होता, सकाळी पुन्हा अबोला तर धरला नसेल? निघताना काशीबाईंनी माझा नंबर कोळशानं भिंतीवर लिहून घेतला होता. काल फोन आला.

"ताई, भांडण झालं बगा! बांधावरनंच. सकाळपासून दुपारपर्यंत भांडून राहिलो दोघी, घसा बसला."

"अरे देवा! मग?"

"मग काय, तिनंच च्या केला. उद्या पुन्हा भांडायचंय, आज निम्मंच झालं."