हळद लावलेला नमुना

आमच्या मुलुंडच्या घरातला ओटा काळ्या कडप्प्याचा होता. त्यावर झुरळ बसलं तर हात लागेपर्यंत कळायचं नाही. बायको लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणत होती, मला पांढरा ओटा हवा, काय सांडलंय ते दिसेल असा. मी दर वेळी ‘बघू’ म्हणालो. त्या घरात तिच्या पसंतीचं काहीच नाही. पडदे आईचे, लाद्या बिल्डरच्या, नवरा तिच्या मामाने सुचवलेला. हे मला रोज आठवतं आणि रोज मी तिला दोन भांडी विसळून देतो. त्याने काही फिटत नाही, हेही मला कळतं.

यंदा कडप्पा सिंकपाशी तडकला आणि ‘बघू’ म्हणायची सोय राहिली नाही. आईने एकच अट घातली. हळद, कोकम आणि माशाचं कालवण या तिघांपुढे टिकेल तो दगड आणा. नाही टिकला तर पुन्हा कडप्पा. आणि तपासणी ती स्वतः करणार. बायको ‘चालेल’ म्हणाली, पण म्हणताना बघत होती माझ्याकडे.

अंधेरीच्या शोरूममध्ये आम्ही रिक्षाने गेलो. आईच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिला ती घट्ट धरून बसलेली पाहून मला वाटलं, देवाचं काही असेल.

विक्रेता माझ्याच वयाचा, टाय लावलेला, आईला पहिल्या मिनिटातच ‘मावशी’ म्हणणारा माणूस होता. त्याने पांढऱ्या क्वार्ट्झचा हातभर नमुना काढला, त्यावर लिंबू पिळलं, कॉफी ओतली, लगेच पुसलं आणि हात झटकले. मग जपणुकीचं सांगितलं. साध्या साबणाच्या पाण्याने पुसायचं, ॲसिड लावायचं नाही, गरम भांडं थेट ठेवायचं नाही. आईने विचारलं, दगडाला कसला चटका? तो म्हणाला, हा खाणीतून आलेला अख्खा दगड नव्हे, यात दगडाचा चुरा आणि तो धरून ठेवायला डिंकासारखं रेझिन असतं.

“म्हणजे लाडू,” आई म्हणाली.

मग तिने पिशवी उघडली. बांगड्याच्या तिखल्याचा डबा, कोकमाच्या आगळाची बाटली आणि वाटीत कालवलेली हळद. तिने तिन्ही गोष्टी नमुन्यावर शेजारी शेजारी ओतल्या. एसी लावलेल्या त्या बंद जागेत तिखल्यातल्या तिरफळाचा वास कसा पसरतो ते मी सांगत बसत नाही. मी विक्रेत्याची माफी मागितली. मग पलीकडे ग्रॅनाइट बघणाऱ्या जोडप्याची मागितली. सुरक्षारक्षकाने नुसतं वळून पाहिलं तरी त्याची मागितली.

विक्रेता फडकं घेऊन पुढे झाला. आईने त्याचा हात अडवला.

“असा लगेच कोण पुसता रे? जेवण झाल्यावर पुसतत.”

मग जेवण होणं आलं. शोरूमच्या मधोमध नकली स्वयंपाकघर उभं केलेलं होतं, त्याच्या उंच खुर्च्यांवर आम्ही तिघं बसलो आणि पिशवीच्या तळाशी निघालेल्या भाकरीबरोबर उरलेलं तिखलं जेवलो. विक्रेत्याला आईने आग्रह केला. तो म्हणाला, आज गुरुवार आहे. म्हणताना त्याचा चेहरा इतका पडला की मी त्याचीही पुन्हा माफी मागितली. हात धुवायला आईने तिथला नळ सोडला, तर तो नुसताच शोभेला लावलेला. भाकरीचा तुकडा हातात धरून बायको दूरवरच्या त्या पिवळ्या डागाकडे बघत होती, परीक्षेच्या हॉलबाहेर आया उभ्या असतात तशी.

तेवढ्यात ग्रॅनाइटवालं जोडपं नमुन्यापाशी थांबलं. नवऱ्याने विचारलं, ही शेड नवीन आली का? पिवळं-तांबडं छान वाटतं. विक्रेत्याने त्यांना हलकेच पुन्हा ग्रॅनाइटकडे वळवलं.

जेवण झाल्यावर आईला पेंग आली. तिने त्या नकली स्वयंपाकघराच्या भिंतीला डोकं टेकलं, चष्मा पदरात ठेवला आणि डोळे मिटले. मी नमुन्याकडे पाहिलं. कोकम वाळलं होतं, हळदीचा काठ गडद झाला होता. आत्ता पुसलं तर निघेल, आई उठल्यावर पुसलं तर सांगता येत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी खिशातला रुमाल काढून पाय न वाजवता गेलो. तिथे बायको पिण्याच्या पाण्याने ओढणीचं टोक ओलं करून उभी होती. आणि तिच्यामागे विक्रेता, हातात साबणाच्या पाण्याची बाटली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. कोणी मागेही सरेना, पुढेही होईना.

“पुसा, पुसा,” भिंतीकडून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. “मी निजलंय.”

बायकोने खाली वाकून इतका जोर लावून पुसलं की नमुना टेबलावरून सरकू लागला. मी तो दोन्ही हातांनी धरला, विक्रेता पाणी मारत राहिला. कोकम गेलं, तिखलं गेलं. हळदीची एक फिकट कड राहिली, माहीत असेल त्यालाच दिसावी इतकी. बायको पुसायची थांबली आणि सरळ उभी राहिली.

आई उठून आली. तिने चष्मा लावला, नमुना उजेडाकडे धरला आणि त्या कडेवरून नख फिरवलं. मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“कडा गोल कर हां,” ती विक्रेत्याला म्हणाली. “टोकदार नको. हिच्या कमरेक लागता.”