पहिली गोळी दादाची

आमच्या टीमचा कॅप्टन कुणी निवडला, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, कुणीच नाही. तो कॅप्टन म्हणूनच जन्माला आला होता. बापाचं गावात राजकारण, ओलिताखालची जमीन त्यांची, गाडी त्यांची, वाय-फाय त्यांचं. मग मोबाईलवरच्या लढाईतसुद्धा कॅप्टन तोच. आम्ही त्याला दादा म्हणायचो. वयानं माझ्यापेक्षा लहान आहे तो, तरी म्हणायचो. आणि खेळात? खेळात असला दगड मी आजपर्यंत बघितला नाही.

माहीत नसेल त्याला सांगतो. चार-चार जणांच्या टीम एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, एकमेकांना मारतात. खेळायची जागा हळूहळू आवळत जाते. बाहेर राहिला तो मेला, आणि शेवटी उरेल ती टीम जिंकली. कॅप्टननं फक्त एवढंच बघायचं, कुठं जायचं आणि कधी मारायचं. आमचा कॅप्टन बघायचा की सगळे आपल्या मागं चालतायत का नाही. विमानातून पेटी पडली की तिच्यातली मोठी बंदूक त्याची. तो पडला की चालू लढाई सोडून आधी त्याला उचलायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिली गोळी त्याची.

हे कुठून आलं ते आमच्या गावात कुणालाही विचारा. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी दादाच्या घरची जाते. ती जाईपर्यंत बाकीचे बैल कासरा धरून उन्हात उभे. एका वर्षी दादाचे वडील बीडला मिटिंगला अडकले, तर अख्खं गाव सजवलेले बैल घेऊन दुपारभर ताटकळलं, पण एक मायचा लाल पुढं सरकला नाही. तीच तऱ्हा त्यानं मोबाईलमध्ये आणली. दुश्मन समोरून चालत गेला तरी दादानं मारल्याशिवाय कुणी मारायचं नाही. मी एकदा मारलं. तर दादाची गाडी चालवणारा जो आमचा तिसरा गडी होता, पक्का होयबा, तो माइकवर म्हणतो, "कावून मारलं बे? दादा हायेत की हितं." दुश्मन मेला त्याचं काहीच नाही.

चौथा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्यासारखा नेम मी कुणाचा बघितला नाही. काच तडकलेला फोन, मीच शिरूर कासारच्या माझ्या दुकानात दोनदा दुरुस्त करून दिलेला, आणि त्याच्यावर हा गडी पळत्या माणसाला टिपायचा. त्याचे आई-बाप दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी आईची कंबर धरली आणि बापाच्या जोडीला कोयता घेऊन त्यानं जायचं ठरलं. तेवढ्यात बीडला स्पर्धा लागली. पुण्याची एक टीम पोरं शोधत होती. जिंकेल त्या टीमला पुण्यात ठेवून घेणार, राहणं-खाणं त्यांचं, शिकवणार, पुढं खेळवणार. मित्राचा बाप विचार करून म्हणाला, "निवड झाली तर जा. मी तुझ्या चुलत्याला घेतो जोडीला. न्हाई झाली तर दिवाळी झाल्यावर गपचिप ट्रॅक्टरवर बसायचं." पोरगं लई खूश झालं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर मोठा पडदा. दादानं सगळ्यांना सारखे टी-शर्ट शिवून आणले होते, पाठीवर स्वतःच्या आजोबांचं नाव. नाव-नोंदणीत फोन नंबरसुद्धा एकट्या दादाचा. तरी सांगतो, आम्ही शेवटच्या डावापर्यंत पोचलो, आणि ते त्या एका पोराच्या जिवावर. शेवटच्या डावात दोनच टीम उरल्या, आम्ही आणि धारूरची पोरं.

आम्ही एका घराच्या माडीवर होतो. जागा आवळत आली होती, त्यामुळं धारूरवाल्यांना मोकळ्या रानातून आमच्या समोरूनच यावं लागणार होतं. आडोसा नाही, झाड नाही, काही नाही. यापेक्षा सोपं काय असतं? दादानं मला मागचा जिना राखायला बसवलं होतं, म्हणून मला रान दिसत नव्हतं. पण माइकवर मित्राचा आवाज आला, "दादा, आले. तिघं एका ओळीत हायेत. मारू?"

"थांब," दादा म्हणाला. "पहिली माझी."

दादाला दुर्बीण लावता येईना. मोठ्या बंदुकीला दुर्बीण कुठून लावतात हे त्याला त्या दिवशीसुद्धा माहीत नव्हतं. मी ओरडलो, "मार बे! त्याचं काय ऐकतो, मार!" मित्र हळूच म्हणाला, "थांब की. दादा लावतायत." पुण्याला जायचं होतं त्याला. दादाला नाही, होयबाला नाही, त्याला! आणि तोच बोट उचलून बसला होता.

दादानं गोळी मारली. ती कुठं गेली देव जाणे. धारूरची पोरं भुईला चिकटली, धूर केला आणि त्या धुरातून दोन बॉम्ब सरळ आमच्या खोलीत. दादा पडला आणि बोंबलायला लागला, "मला उचला, आधी मला उचला!" होयबा धावला, तो मेला. मित्र बंदूक खाली ठेवून धावला, तोही मेला. मी जिन्यावरून पळत येऊन एकाला पाडलं, तोवर दुसऱ्यानं मला घेतलं. मंगल कार्यालयात टाळ्या वाजल्या, धारूरवाल्यांसाठी.

परत येताना गाडीत दादा म्हणाला, "नेटनं घात केला." होयबा म्हणाला, "नेटच हो दादा." माझ्या तोंडात जे आलं ते मी बोललो. दादानं गाडी थांबवायला लावली आणि मला उतरवलं. मित्र आतच बसून राहिला, खिडकीतून बघत. मी वडापच्या जीपला हात करून घरी आलो.

दिवाळी झाली आणि मित्र बापाबरोबर ऊसतोडीला गेला, कर्नाटकच्या बाजूला.

काही दिवसांनी दादा माझ्या दुकानात आला, जसं काही झालंच नाही. नवा फोन होता, काच बसवून पाहिजे होती. मी काच पुसत होतो आणि हा पाय हलवत सांगतो, "पुण्यावाल्यांचा फोन आलता, दिवाळीच्या आधीच. म्हणले टीम नको, तो नेमबाज तेवढा पाठवा."

माझा हात थांबला. "मग?"

"मग काय? मी साफ सांगितलं. आमची टीम एकजीव हाय, एकट्याला पाठवत न्हाई आमी. न्यायचं तर चौघांना न्या." छाती फुगवून सांगत होता. खरं सांगतो, त्याला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. आपण टीम सांभाळली असं वाटत होतं त्याला. मी त्याचा फोन त्याच्या अंगावर फेकला आणि म्हणालो, "नीघ. परत दुकानात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन."

मग मित्राला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुपारी त्यानंच केला. मागं कोयत्यांचा सपासप आवाज येत होता, कुणीतरी मोळी उचलायला हाक मारत होतं. मी सगळं सांगितलं, शब्द न शब्द. पुण्याहून फोन आलता, तुला एकट्याला बोलावलं होतं, तू आत्ता तिथं असतास, आणि त्या हरामखोरानं परस्पर नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं आता हा रडणार.

"दादा खरंच असं म्हणले?" त्यानं विचारलं. "आपली टीम एकजीव हाय, असं?"

"हां. असंच."

"बघ," तो म्हणाला, आणि आवाजात चक्क खुशी होती. "आन तू उगंच शिव्या देतो त्यांला."