तातेरावनं निवडलेला कॅमेरा

हिंगोलीत एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत तातेराव पाईकरावचा फोटो स्टुडिओ होता. माणूस मूळचा साखऱ्याचा. दहावीनंतर गाव सोडलं, परभणीला एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुवायला शिकला आणि लग्नाच्या आदल्या वर्षी स्वतःचं दुकान टाकलं. पोटासाठी पासपोर्ट फोटो आणि लग्नं. जीव मात्र दगडात. औंढ्याच्या देवळाच्या भिंतीवर सकाळचं तिरपं ऊन पडलं की कोरलेल्या एकेका मूर्तीला सावली फुटते, ती सावली पकडायला तो पहिल्या गाडीनं जाऊन बसायचा. सिद्धेश्वर धरणाचं पाणी, शिजवून वाळत घातलेल्या हळदीची पिवळी शेतं, शिरड शहापूरच्या मंदिराचा कळस, हे त्याचं खरं काम.

नव्व्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला. नवी कार्यालयं उघडली, नव्या साहेबांना कोऱ्या भिंतींवर लावायला काहीतरी हवं होतं. तातेरावचे मोठे करून चौकटीत बसवलेले फोटो तेव्हा चांगले खपले. एखाद्या कामासाठी तो कचेरीत गेला की आधी भिंतीकडे बघायचा. आपला फोटो दिसला की खुर्चीत जरा ऐसपैस बसायचा.

माणसांचे फोटो मात्र त्याला जमत नसत. माणसं त्याच्यासमोर खांबासारखी बसत, आणि तोही त्यांना खांबासारखंच उजेडात उभं करी. "मान वर. हसू नका. झालं." एवढंच त्याचं बोलणं.

त्याची बायको प्रियदर्शनी वसमतची, बारावी शिकलेली. तातेरावला कावीळ झाली आणि तो उन्हाळाभर घरात पडून राहिला, तेव्हा दुकान तिनं चालवलं. कॅमेरा तिला कुणी शिकवला नव्हता, नवऱ्याचं बघून बघूनच आला होता. समोरच्याला ती विचारायची, जेवलात का, कोणत्या गावचे, लेकरं किती. तो सांगत असतानाच बटण दाबायची. तातेराव बरा होऊन दुकानात बसला त्या आठवड्यात सेनगावकडची एक बाई लेकीला घेऊन आली. फोटो तिच्या लग्नासाठी दाखवायचा होता. तातेरावनं स्टूल पुढं केलं, तर आई म्हणाली, "बाई न्हाईत का? बाई असतील तर थांबतो आमी."

तातेरावनं प्रियदर्शनीला हाक मारली. हाक नेहमीसारखीच होती, पण ती येईपर्यंत तो थांबला नाही, आत निघून गेला. पुढं ते वाक्य त्याला इतक्यांदा ऐकावं लागलं की दारात बाई आणि तरुण पोरगी दिसली की तो आधीच उठून आत जाऊ लागला.

दोन हजार पाचच्या सुमारास फिल्मचा धंदा बसला. नांदेडच्या मोहनसिंगच्या दुकानातून दोघांनी मिळून पहिला डिजिटल कॅमेरा आणला. त्याच दुकानातून प्रियदर्शनीनं स्वतःसाठी एक जुनी, बोटभर लांबीची लेन्स घेतली. चेहऱ्यांसाठीची होती, चेहरा स्वच्छ यायचा आणि मागचं सगळं मऊ होऊन जायचं. मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ती जपायची.

त्या लेन्सनं तिनं पुढच्या वर्षी साखऱ्याला तातेरावच्या आईचा फोटो काढला. चांगुणाबाई उंबऱ्याशी बसून तूर निवडत होत्या. सून काहीतरी म्हणाली, त्यांनी सुपातून मान वर केली आणि तिच्याकडे असं पाहिलं, की सत्तर वर्षांच्या बाईच्या डोळ्यात एकदम परकरातली खोडकर पोरगी दिसली. तातेरावनं फोटो पाहिला. आईचे त्यानं आजवर कितीतरी फोटो काढले होते. सगळ्यांत हात गुडघ्यांवर, डोळे वटारलेले. असं तिनं त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. आईचा हा चेहरा होता तर मग तो आजवर कुठं होता? आणि तो सुनेला कसा दिसला?

दोन वर्षांनी चांगुणाबाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तोच फोटो ठेवला होता. येणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. "म्हातारी आता बोलंल असं वाटून राहिलं," असं कुणी म्हणालं, कुणी विचारलं, कोणं काढला. "सुनेनं," असं जो तो सांगत होता. तातेरावचा थोरला भाऊ जळबा त्याच्या शेजारी येऊन बसला आणि साध्या मनानं म्हणाला, "तू एवढा फोटोग्राफर, मग तुझा काहून न्हाई लावला रे?"

त्या दिवशी तातेराव आईसाठी रडला. आणखी कशासाठी रडला ते त्याचं त्याला माहीत.

तो डिजिटल कॅमेरा चार वर्षांत जुना झाला. मोठा फोटो काढला की कडा फाटायच्या, मांडवातल्या कमी उजेडात रवाळ दाणे यायचे. बरं, कॅमेरा एकच. रविवारी त्याला औंढ्याला जायचं असायचं, तिला साखरपुड्याला. दोन घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून जुना देऊन एक नवी बॉडी घ्यायचं ठरलं. बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा. लेन्सा होत्या त्याच वापरायच्या, नुसती बॉडी बदलायची. देऊळ, रान आणि माणसं, तिन्हींना चालेल अशी एकच हवी होती.

"तुमी जाऊन पाहून घ्या," प्रियदर्शनी म्हणाली. "लग्नसराई हाय, दोघांनी दुकान सोडून जमायचं न्हाई. फक्त माझी लेन्स त्याला चालली पायजे. लावून पाहा." लुगड्यातली लेन्स तिनं त्याच्या पिशवीत घातली.

मोहनसिंगनं काउंटरवर दोन बॉड्या ठेवल्या. एक जाडजूड, आधीच्या सालची. दुसरी हलकी, नुकतीच आलेली. ज्यावर फोटो दिसतो तो तिचा मागचा पडदा बाहेर ओढून हवा तसा वळवता यायचा. तातेरावनं ती छताकडे रोखून धरली, पडदा आपल्याकडे वळवला, आणि दुकानाचं छत त्याला मान न मोडता दिसलं. त्याला लगेच देवळाचा सभामंडप आठवला. इतकी वर्षं तो फरशीवर उताणा पडून छताचे फोटो काढत होता. कमी उजेडातही ही बॉडी सरस होती. त्याला ती मनापासून आवडली.

मग त्यानं प्रियदर्शनीची लेन्स काढली. मोहनसिंगनं ती जाडजूड बॉडीला लावून बटण अर्धं दाबलं. खर्र आवाज झाला, लेन्स फिरली, समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे स्पष्ट झाले. तीच लेन्स हलक्या बॉडीला लावली. बसली बराबर. बटण दाबलं. आवाज नाही, काही नाही.

"इसमें मोटर नहीं है, भाईसाब," मोहनसिंग म्हणाला. "नया लेन्स अपनी मोटर लेके आता है. ये पुराना है, इसको बॉडी घुमाती है. इसपे फोकस हाथ से करना पडेगा. मॅडम के काम का तो ये बडावाला है."

तातेराव त्या गप्प बसलेल्या लेन्सकडे बघत राहिला. त्या शांततेनं त्याला बरं वाटलं. बरं वाटलं हे त्याला कळलंही, आणि कळल्यावर लाजही वाटली. पण तोंडातून निघालं, "हलकी द्या." जुना कॅमेरा बदल्यात देऊन टाकला.

घरी आल्यावर प्रियदर्शनीनं आधी विचारलं, "माझी लेन्स?"

"लागते की," तो म्हणाला. खोटं नव्हतं.

तिनं लावून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "फिरंना वो."

"जुनी झाली आसंल. हातानं फिरव."

ती हातानं फिरवू लागली. डोळा लावून बघायची बॉडीची खिडकी बारीक, समोरची माणसं बोलत हलणारी, आणि बोलल्याशिवाय तिचा फोटो होत नसे. कधी नाक स्पष्ट यायचं, कधी कानातलं. शिरड शहापूरच्या जिवनबाई आपल्या लेकीचा, ऐश्वर्याचा, फोटो परत घेऊन आल्या. "बाई, डूल बराबर आले, पण पोरीचे डोळे धूसर आले. पाहुण्यांना दाखवायचा हाय वो." तातेरावनंच मग ऐश्वर्याला स्टुलावर बसवलं. मान वर, हसू नको, झालं. फोटो ठोकळ्यासारखा, पण लख्ख. जिवनबाई तो घेऊन गेल्या. त्या दिवशी तातेराव दोन घास जास्त जेवला.

प्रियदर्शनी मात्र पाटावर बसून लेन्स पुसत होती. "चाळिशी आली माझी," ती म्हणाली. "नजरच गेली आसंल." दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं चष्मा करून आणला. चष्मा लावून ती आरशासमोर उभी राहिली आणि कसा दिसतो म्हणून तिनं त्याला विचारलं. तातेराव "चांगला हाय" म्हणाला आणि बाहेर निघून गेला. सांगायची ती वेळ होती. त्यानं सांगितलं नाही.

चष्म्यानंही भागलं नाही. "बाई आहेत का" विचारणं हळूहळू कमी झालं. बायकांपैकी काही जणी चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओत जाऊ लागल्या. प्रियदर्शनी दुकानात कमी येऊ लागली. तातेरावला जे हवं होतं ते झालं होतं. गल्ला उघडताना, कॅमेरा पुसताना तो स्वतःशी म्हणायचा, मी कुठं काय केलं? कॅमेरा चांगलाच आहे. आणि औंढ्याचा सभामंडप त्यानं त्या कॅमेऱ्यात खरोखर कधी नव्हे इतका सुंदर पकडला होता. तो फोटो त्यानं दुकानात लावला. बघायला फारसं कुणी थांबलं नाही.

हिवाळ्यात प्रियदर्शनी मावसबहिणीच्या लग्नाला नांदेडला गेली. जाताना लेन्स दुरुस्तीला सोबत नेली. तातेरावला हे ती गेल्यावर, कपाट उघडल्यावर कळलं. दिवसभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. लेक सपना कॉलेजात होती. प्रियदर्शनीनं पिशवी खाली ठेवली, लुगड्याची गुंडाळी सोडली आणि लेन्स काउंटरवर ठेवली.

"लेन्स धड हाय," ती म्हणाली. "डोळेबी धड हायेत माझे."

तातेरावनं गल्ल्यातली नाणी मोजायला घेतली.

"मोहनसिंग म्हणले, भाईसाबला तर मी सगळं सांगितलं होतं. मी तिथं हसले. म्हणले, इसरले आसतील. चारचौघांत काय बोलणार?" तिचा आवाज चढला नव्हता. "काहून केलं आसं?"

"मला छताचे फोटो..."

"छताचं ऱ्हाऊ द्या. काहून?"

तातेरावनं गल्ला बंद केला. मग म्हणाला, "लोक तुला इचारतात. मी समोर बसलेला आसतो, आन् मला इचारतात, बाई हायेत का. मायचा फोटोबी तुझाच. माय माझी व्हती ना?" त्यानं काउंटरवरची लेन्स तिच्याकडे सरकवली. "जळून राहिलो मी. लई दिवसांपासून."

"मग बोलायचं व्हतं."

"बोललो आसतो तर तू काय केलं आसतं? घरी बसली आसती?"

"न्हाई बसले आसते," ती म्हणाली. "भांडले आसते. पण मला माझ्या डोळ्यांवर तर शंका आली नसती. चष्मा घालून बसवलं तुमी मला." एवढं म्हणून ती रडली, आणि रडता रडताच उठून तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

पुढच्या सोमवारी दुकान बंद ठेवून दोघं नांदेडला गेली. प्रियदर्शनीनं बॉडी निवडली. तातेराव पिशवी धरून मागं उभा होता. जाडजूड बॉडी अजून होती. तिनं लेन्स लावली, काउंटरवरच्या मोहनसिंगकडे रोखली, घरच्यांची चौकशी केली आणि खर्र करून बटण दाबलं. हलकी बॉडी परत गेली. जाताना तातेरावनं तिचा तो वळणारा पडदा एकदा बाहेर ओढला, परत बसवला. प्रियदर्शनीनं ते पाहिलं. सभामंडपाच्या छतासाठी तो पुन्हा फरशीवर उताणा पडू लागला.

बायका परत यायला पावसाळा उजाडला. तातेरावची जळण संपली म्हणावं तर तसं काही नाही. दारात कुणी "बाई आहेत का" विचारलं की अजूनही आधी त्याचं तोंड उतरायचं. फक्त आता तो उठून आत जात नसे.

"हायेत, बसा," तो म्हणायचा. "माझ्या पोटात दुखून राहिलं, पण तुमी बसा."

लोकांना ती गंमत वाटायची, ते हसायचे. गंमत नाही हे प्रियदर्शनीला ठाऊक होतं. आतून ती उत्तर द्यायची, "डबीत ओवा हाय, खाऊन घ्या. आन् तो दिवा जरा डावीकडं सरकवा."

तातेराव दिवा डावीकडे सरकवायचा.