ह्याचं गाव कोनतं?

चंद्रपूरच्या फलाटावर उतरले तेव्हा माझ्या उजव्या हातात बॅग होती, डाव्या हातात पिंजरा होता आणि डोक्यात 'मुक्ती' हा शब्द होता. या तिन्हींत सर्वांत जड काय, हे कळायला मला पुढचे तीन दिवस लागले.

पिंजऱ्यात काजू होता. काजू हा हॅमस्टर: मुठीएवढा, भाजलेल्या रव्याच्या रंगाचा, शेपूट असून नसल्यासारखे. माझी मुलगी सई हिने तो हट्टाने आणला आणि वर्षभराने ती शिकायला जर्मनीला निघून गेली. मागे राहिलो आम्ही दोघे. तो दिवसभर झोपे आणि रात्री चाकावर धावे. पुण्यातल्या त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये चाकाची ती खरखर ऐकताना मला वाटू लागले, की हा जीव आपल्या अरण्याकडे धावतो आहे आणि पोहोचत नाही. आयुष्यभर कविता वाचण्याचा हा एक तोटा असतो. माणूस प्रत्येक आवाजाला अर्थ चिकटवतो. एके सकाळी मी ठरवले, ह्याला ह्याच्या घरी, जंगलात, सोडून यायचे. सईला मी काही कळवले नाही. उदात्त कामे गुपचूप करावीत, असे मी स्वतःला सांगितले.

जंगल कोणते, हा प्रश्न मला पडला नाही. जंगल म्हणजे गडचिरोली, एवढा माझा भूगोल पक्का होता.

ऊर्जानगरला माझी कॉलेजातली मैत्रीण नलिनी राहते. औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. एकसारखी क्वार्टर्स, पाळी संपवून परतणाऱ्या मोटारसायकली, कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असलेले डबे आणि मफलर. पहाटे खिडकी उघडली की थंडीला कोळशाचा किंचित उग्र वास असे आणि दूरच्या धुराड्यांवर पांढरे ढग असे उभे असत, जणू तिथेच त्यांची शिस्तीत निर्मिती होत आहे. नलिनीने पिंजऱ्यात डोकावून पाहिले आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "जंगलात ह्याची कोण वाट पाहतंय गं?"

"स्वातंत्र्य," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "त्याला मांजरं खातात का तेवढं बघ."

तरीही तिने गाडी ठरवून दिली. चालक कवडूभाऊ, पन्नाशीचे, कानात बिडीचे थोटूक, बोलण्यात घाई नाही. त्यांची बहीण पार्बताबाई मार्कंड्याच्या देवळांजवळच्या एका खेड्यात दिलेली. मी तिच्याकडे दोन रात्री उतरायचे, असे ठरले. घर भोयांचे, म्हणजे तळ्यात आणि नदीत मासे धरणाऱ्यांचे.

मूलच्या रस्त्याला लागलो आणि सागाची वाळकी पाने चाकांखाली पापडासारखी मोडू लागली. धान कापून झाले होते. रिकाम्या बांध्यांतून (बांध घातलेली भाताची शेते) कापल्या खुंटांचा, ओल आटत आलेल्या मातीचा गोडसर वास येत होता. मी काच खाली घेऊन काजूला तो वास दिला. तो जागा झाला, नाक थरथरवले आणि पुन्हा कापसात शिरला. मी मनात नोंदले: ओळख पटली.

पुढे वनखात्याचा नाका होता. एक तरुण गार्ड खिडकीशी वाकला. "पिंजऱ्यात काय हाय?"

कवडूभाऊंनी समोरूनच उत्तर दिले, "घूस हाय, साहेब."

गार्डचा चेहरा एकदम बदलला. "काय म्हनलं?"

"घूस! बाईनं पुन्याहून आनली."

"पुन्याहून? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाई, पन हात लावून पाहा ना. नरम हाय."

"गाडी बाजूले घ्या," गार्ड ताठ उभा राहिला. "मले सहा महिने नाई झाले नोकरी लागून, अन् तुमी मले भर रस्त्यात घूस देऊन राह्यले?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे देतात ती लाच. इथे हिंदीच्या शेजाराने तिला घूस म्हणतात, आणि शेतात बीळ करणाऱ्या मोठ्या उंदरालाही घूसच. मी घाईने पिंजरा उचलून दाखवला. काजू मागच्या पायांवर उभा राहून दोन्ही हात जोडल्यासारखे करून बघत होता. गार्ड खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याचे ओठ हलले, पण कर्तव्याने हसू मागे ढकलले.

"कुठी नेऊन राह्यल्या ह्याले? बाहेरचं जनावर जंगलात सोडता येत नाई, बाई."

"मार्कंड्याला," मी म्हणाले. "देवदर्शनाला."

खोटे बोलताना माझी भाषा नेहमी शुद्ध होते.

"दोघं बी?"

"दोघं बी," कवडूभाऊ म्हणाले आणि गाडी सुरू केली. बऱ्याच वेळाने, वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली मागे पडल्यावर, सरकारी कचेऱ्या आणि लाल एस.टी. गाड्यांची गर्दी विरळ झाल्यावर ते म्हणाले, "देवदर्शन होय ना, बाई?" मी खिडकीबाहेर पाहिले.

पार्बताबाई अंगणात जाळे विणत बसली होती. पाठीमागे तळे, तळ्यावर दुपारचे निबर ऊन, आणि हवेत सुकत घातलेल्या मासळीचा असा तिखट वास की पहिल्या श्वासाला मी दचकले आणि दहाव्याला मला भूक लागली. तिने पाण्याचा गडवा पुढे केला आणि रीतीप्रमाणे विचारले, "कोन्या गावच्या?"

मी सांगितले. मग तिने सपरीत (ओसरीत) ठेवलेल्या पिंजऱ्याकडे बोट केले. "अन् ह्याचं गाव कोनतं?"

मी हसले. ती हसली नाही. इकडे आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारतात. उत्तर मिळाल्याशिवाय पाहुण्याला बसायला कुठे सांगायचे, हेच कळत नाही.

"जंगलातला आहे," मी म्हणाले.

"कोनत्या जंगलातला?"

सोळा तासांचा प्रवास करून मी ज्याला घरी पोहोचवायला आले होते, त्याचे घर कुठे आहे, हे मी कोणालाही विचारले नव्हते.

तेवढ्यात काजूने दाणे गालांत भरायला सुरुवात केली. त्याचे गाल फुगत फुगत खांद्यांपर्यंत गेले. पार्बताबाई उकिडवी बसून बघू लागली. "हा जंगलातला नाई," ती म्हणाली. "हा शेतातला हाय. आमच्या बांधीतला उंदीर बी असाच करते. धानाच्या लोंब्या बिळात नेऊन ठेवते. कापनी झाली का लोक बीळ खंदते. खाली कोठीच राह्यते त्याची."

"आणि उंदीर?"

"उंदीर खाते ना, बापा, खानारे."

मी नकळत पिंजरा जवळ ओढला. तिने ते पाहिले आणि पदर तोंडाशी नेला. "भेऊ नका, बाई. आज घरी झिंगे हायत. त्याची पाळी नाई."

रात्रीच्या जेवणात खरोखरच झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, होते. लाल, कुरकुरीत, वर सांभार पेरलेला. (सांभार म्हणजे कोथिंबीर. मी डाळीच्या सांबाराची वाट पाहत वाटी रिकामी ठेवली होती; ती तशीच राहिली.) मी माझा बेत तिथेच सांगून टाकला: उद्या सकाळी, तळ्यापलीकडच्या झाडीत. कवडूभाऊ भात कालवत राहिले. पार्बताबाई एवढेच म्हणाली, "तिथी घुबड हाय, साप हाय, कोल्हं हाय. सांजच्याले राहीन का तो?" मग वाढता वाढता थांबून म्हणाली, "घरी जड झाला होता का?"

मी आणखी भात मागून घेतला.

सकाळी मी पिंजऱ्यावरचे फडके काढले. अंगणात दव इतके दाट होते की जाळ्याच्या प्रत्येक गाठीवर एकेक थेंब बसला होता. काजू कोपऱ्यात गोळा होऊन पडला होता. मी त्याला उचलले. तो गार होता. डोळे मिटलेले, पाय पोटाशी आखडलेले; हातात नदीतला गोटा घ्यावा तसा तो माझ्या तळव्यात निमूट बसला. मी त्याला सपरीत, थंडीच्या तोंडी ठेवून दिले होते. आत नेऊ का, असे पार्बताबाईने विचारलेही होते. मोकळ्या हवेची त्याला सवय व्हावी, असे मी म्हणाले होते.

माझ्या तोंडून काय आवाज निघाला, मला आठवत नाही. पार्बताबाई चुलीपुढून उठून आली. तिने तो माझ्या हातातून घेतला, पोटावर ओठ टेकवून बघितले आणि तशीच स्थिर राहिली. मी श्वास मोजत होते; माझेच, कारण त्याचे दिसत नव्हते.

"मेला नाई," ती म्हणाली.

"गार पडलाय हो."

"उन्हाळ्यात डबऱ्यातलं पानी आटते, तवा मरळ मासोळी चिखलात अशीच पडून राह्यते. मेल्यावानी अन् मेलं, ह्यात फरक राह्यते, बाई."

ती चुलीपासून हातभर दूर बसली. लुगड्याच्या ओच्यात त्याला ठेवले, वर तळहात झाकला. फार जवळ न्यायचे नाही, म्हणाली. एकदम ऊब दिली तर काळीज फुटते. निखाऱ्यांचा उजेड तिच्या गुडघ्यांवर हलत होता. कवडूभाऊ दारात उभे राहून बिडी पेटवायचे विसरले. मी त्या तळहाताकडे पाहत होते आणि सईला काय सांगायचे, याची वाक्ये मनात जुळवत होते. एकही वाक्य शुद्ध होत नव्हते. 'मुक्ती' या शब्दाच्या जागी प्रत्येक वेळी दुसराच शब्द येत होता, साधा आणि खरा: कंटाळा. चाकाच्या आवाजाचा, दाण्यांचा, भुश्याचा, सई नसल्याची रोज आठवण करून देणाऱ्या त्या इवल्या जिवाचा मला कंटाळा आला होता. मी त्याला टाकायला आले होते.

खूप वेळाने पार्बताबाईचा तळहात किंचित वर उचलला गेला. तिने उचलला नव्हता. खालून एक मिशी बाहेर आली, मग थरथरते नाक.

"उठला व, बाई!" ती म्हणाली.

"उठीनच," कवडूभाऊ म्हणाले आणि आता बिडी पेटवली. "मार्कंड्याचा मुलूख हाय हा. इथी यमाचंच चालत नाई."

दुपारी आम्ही खरोखरच देवदर्शनाला गेलो. खोटे निदान अर्धे तरी खरे करावे म्हणून. मार्कंड्याची देवळे उन्हात तापून मधाच्या रंगाची झाली होती. दगडावर हात ठेवला तर तो कोरलेल्या कमरेवरून, कोरलेल्या पैंजणांवरून आपोआप घसरत जातो. यमाचा फास पडला असता शिवपिंडीला मिठी मारून बसलेल्या पोराची ही जागा. खाली घाटाशी वैनगंगा उत्तरेकडे वळलेली. सगळ्या नद्या पुढे जातात, ही इथे क्षणभर माहेराकडे तोंड करते. घाटावर फोनला रेंज होती. जर्मनीत सकाळ झाली असेल. मी सईला सगळे सांगितले. कंटाळ्यासकट.

"आई, तू त्याला वाघाच्या जंगलात सोडणार होतीस?"

"मला वाटलं, ते त्याचं घर आहे."

"त्याचं घर सीरियात आहे. हलब शहराच्या बाजूला, कोरड्या मुलखात, गव्हाच्या शेतांत. एकेकटे राहतात ते, बिळात. जगभरातले असले पाळीव हॅमस्टर बहुतेक तिथल्याच एका बिळातून खणून काढलेल्या कुटुंबाचे वंशज आहेत म्हणतात." मग तिचा आवाज जरा निवळला. "आणि गंमत ऐक. ह्याचे रानटी भाऊबंद इथे जर्मनीत आहेत, शेतांमधे. फार कमी उरलेत, म्हणून लोक आता त्यांना जपतात. पूर्वी मारायचे."

म्हणजे हॅमस्टरच्या भाऊबंदांच्या गावी माझी मुलगी राहत होती, मुलीच्या घरी हॅमस्टर राहत होता, आणि मी दोघांच्याही घरापासून दूर, एका घाटावर उभी राहून निसर्गाविषयी मते बाळगत होते.

"आता कसा आहे तो?" सईने विचारले.

"गाल भरतोय."

"मग त्याला घरी घेऊन जा, आई." जराशाने ती म्हणाली, "मीही जूनमध्ये येते."

परत निघताना मी पार्बताबाईला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. सीरिया, गव्हाची शेते. तिने ते नाव दोनदा उच्चारून पाहिले. "म्हनलं ना, शेतातला हाय," ती म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात धानाच्या लोंब्यांची बोटभर जुडी होती, तणसाने (भाताच्या पेंढ्याने) बांधलेली. "पहिल्यांदा आला. खाली हात कसा धाडू?" तिने माझा पदर पुढे ओढला आणि जुडी त्यात ठेवली. पदर माझा, पण ओटी त्याची होती.

नाक्यावर तोच गार्ड होता. आम्हाला ओळखून तो खिडकीशी आला. "देव भेटला?"

"भेटला."

त्याने पिंजऱ्यात पाहिले. "अन् ही घूस परत चालली?"

"कोणी घेतलीच नाही," मी म्हणाले.

या वेळी त्याने हसू अडवले नाही.

पुण्यात आता थंडी सरते आहे. काजूचा पिंजरा माझ्या खोलीत, खिडकीपासून दूर ठेवला आहे. जुडी सोडून मी रोज एक लोंबी त्याला देते. तो एकेक दाणा सोलत नाही. सगळी लोंबी गालात कोंबतो, कोपऱ्यात नेऊन भुश्याखाली पुरतो आणि वरून पायांनी सपाट करतो. न पाहिलेल्या गव्हाच्या मुलखातली रीत, न पाहिलेल्या बांधीतले धान. मग तो चाकावर चढतो. पूर्वी मला वाटे, तो कुठेतरी पोहोचायला धावतो आहे. आता मी पुस्तक मिटून ऐकते, आणि मधेच आवाज थांबला की उठून, तळहात घालून, तो गरम आहे ना ते पाहते.