कितख, हितख, किती

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी दोह्यात एका इंजिनियरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. आमचे चीफ आयरिश, पन्नाशीचे. हात असा, की त्यांनी ओढलेली रेघ बघत राहावी. एका सकाळी त्यांच्याच हातून शाईची बाटली कलंडली आणि तयार ड्रॉइंग वाया गेलं. ते स्वतःवरच चिडले. "कितख!"

"म्हणजे काय, सर?"

"आयरिश शब्द. ज्याच्या हातून सारखं काही पडतं, सांडतं, तो."

"आमच्यात वेंधळा म्हणतात. बाई असेल तर वेंधळी."

त्यांना मजा वाटली. म्हणाले, "तुमचा शेवट बदलतो, आमची सुरुवात. बाई असली की हितख."

मग त्यांच्या हातून पेन रोजच गळून पडू लागलं. शर्टाची बटणं लागेनात. एकदा चहाचा कप सुटला आणि ते पुटपुटले, "नीस किती."

मला वाटलं, मराठीतच काही विचारतायत. "काय किती, सर?"

"आधीपेक्षा जास्त कितख," ते म्हणाले. हसले नाहीत. फुटक्या कपाकडे बघत राहिले.

हॉस्पिटलात निदान झालं. स्नायू हलवणारे मज्जातंतूच मरत चालले होते. औषध नव्हतं. त्यांनी मायदेशी परत जायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी अल सद्द भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो. त्यांच्या बाई, म्हणजे मिसेस, त्यांना सूप भरवत होत्या. बाईंच्याच हातून चमचा कलंडला, सूप नवऱ्याच्या कॉलरवर सांडलं.

"हितख," चीफ जड जिभेने म्हणाले. थट्टाच करायची होती त्यांना. बाईंनी चमचा ठेवला आणि त्या आत गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला.

मी चमचा उचलला. त्यांनी तोंड फिरवलं. "इस किती," भिंतीकडे बघत ते म्हणाले.

"सगळ्यांत जास्त?"

त्यांनी मान डोलावली. चमचा तसाच धरून बसलो. थोड्या वेळाने त्यांनी आपणहून तोंड उघडलं. उरलेलं सूप मी भरवलं. निम्मं हनुवटीवरून ओघळलं, ते पुसत गेलो.

ते वारल्याचा टेलेक्स आला तेव्हा त्यांच्या टेबलावर नवे चीफ बसत होते. त्यांनी तो वाचला, मला विचारलं, "तू ओळखायचास?"

"हो."

"सॉरी," ते म्हणाले आणि दुसरं ड्रॉइंग मागितलं.