गळ्यातली ग्रंथी
नव्या पेंढ्याचा वास आला की खळ्यावर बसल्या बसल्या पेंगणारी वहिनी दिसते. मी तेव्हा बीएस्सीला होतो, घरातला पहिलाच. झोडणी चाललेली, भाताचा भुसा उन्हात सोनेरी तरंगत होता, सगळं खळंच झोपेत असल्यासारखं. आई चार बायांपुढं म्हणाली, "ही आळशी नाय सुधरायची. माहेरी नेऊन सोडा." वहिनीचा चेहरा सुजलेला, उन्हातही अंगावर शाल. ही लक्षणं मी पुस्तकात वाचलेली, म्हणून मीच तिचं रक्त तपासायला दिलं होतं. त्याच दुपारी मी शहापूरहून रिपोर्ट आणला आणि तिला हळूच सांगितलं, "थायरॉइड हाय. गळ्यातली ग्रंथी कमी काम करते, म्हणून झोप येते. रोज गोळी घ्यायची." "म्हंजे मी आळशी नाय?" "नाय गो वहिनी." "मंग भावजी, त्या चौघींपुढं सांगा." मी मोठ्यानं सांगितलं. आई म्हणाली, "गळ्यात ग्रंथ? तरीच पोथी ऐकल्यावाणी पेंगते!" बाया हसल्या, वहिनीही हसली. मग आईनं तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. "जा, नीज जरा." पदवीचा कागद मला पुढं मिळाला, पण मी शिकलो ते त्या दुपारी कामाला आलं, हे मी आजही छाती फुगवून सांगतो.