समोरून काढलेला रोल

माझ्याकडं गौरवदादाच्या तीन वर्षांच्या पाठी आहेत. तोंड एक पण नाय.

आज त्याचा दहावा.

मला चार माणसात बोलता येत नाय, म्हणून इथं लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा मी नववीतच सोडली.

दादा आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीतला. बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि गायचा. मी मामाच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यानं त्यांच्या शोचे ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढायचे. उस्मानपुऱ्यातल्या कॅफेत, कॉलेजच्या गॅदरिंगला, जिथं बोलावतील तिथं. रोल पण मीच घरी धुवायचे.

फक्त मागून काढायचे.

समोर जायचं म्हणजे खुर्च्यांच्या मधून जायचं. लोकं बघणार. मी आपली स्टेजच्या मागं वायरींपाशी बसायचे. तिथून दादाची पाठ, गिटारचा पट्टा, मानेवर चिकटलेले केस.

ड्रमवाला अझहरभाई चिडवायचा, "गौरव, इसकू तेरी पीठच पसंद है रे. सामने से तू इत्ता खराब दिखता क्या?"

दादा म्हणायचा, "मने, एकदा पुढं येऊन काढ की. मी काय चावतो का?"

"लोकं असतात दादा."

"लोकं माझ्याकडं बघतात गं बाई. तुझ्याकडं कोण बघतंय!"

हे ऐकून लई बरं वाटायचं. पण पाय उचलायचे नायत.

मग एप्रिलमधला तो शो. वेरूळ रोडला एका नव्या बिल्डिंग स्कीमचं उद्घाटन. मोठ्ठा बोर्ड, "चोवीस तास पाणी". यंदा पाऊस नाय, गल्लीत आठ-दहा दिवसांनी नळ, आणि इथं चोवीस तास. अझहरभाईनं बोर्डाला हात जोडले.

ऊन असलं की गिटारला हात लागंना. मंडपभर खुर्च्या, आणि माणसं सात-आठ. ती पण कडेला कूलरपाशी.

मी पहिल्यांदा पुढं गेले.

रिकाम्या खुर्च्यांच्या मधून गेले, स्टेजच्या एकदम समोर उभी राहिले आणि अख्खा रोल संपवला.

दोन दिवसांनी दादाचा मेसेज.
"झाला का धुवून?"
"नळ आला की धुते."

पुढच्या आठवड्यात परत.
"आला का नळ?"
"नाय अजून."
"बरं."

मग त्याला ताप आला. डेंग्यू म्हणाले. दवाखान्यात नेलं.

पाचव्या दिवशी अझहरभाईचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. कळलं.

परवा काकूनं, म्हणजे दादाच्या आईनं, मला घरी बोलावलं. काकू त्याच्या एका पण शोला गेली नव्हती. काकांना गाणंबिणं पटायचं नाय, आणि काकांना सोडून ती कुठं जायची नाय.

"मने, गाताना कसा दिसायचा ते दाखव मला."

"काकू, मोबाईलमध्ये व्हिडिओ आहेत ना."

"बघितले. ते सारखं हालतंय. मला थांबून बघायचंय."

मी फोटोंचा डबा नेला होता. काकूनं एकेक बघितला. पाठ. पाठ. पाठ. एका फोटोत शर्टावर बोट फिरवलं फक्त. "हा मीच इस्त्री केलेला."

मला राहवलं नाय. सांगितलं, एक रोल आहे समोरून. पाणी नव्हतं म्हणून धुतला नाय.

काकूनं फोटोंचा डबा बाजूला ठेवला.

"अगं, तुमची-आमची लाईन एकच आहे. नळ दोनदा येऊन गेला. माझ्या टाकीत पाईप धरून तूच उभी होतीस की."

काय सांगू. खरं हे की मी भ्याले होते. पहिल्यांदाच समोरून काढलं आणि सगळंच बिघडलं असलं तर? आणि पाणी नाय म्हटलं की आपल्या इथं परत कोण विचारत नाय.

"गौरवनं विचारलं होतं मला," काकू म्हणली. "मनीकडं पाणी येत नाय का म्हणून. मी म्हटलं, येतंय की. तर हसला. म्हणला, जाऊ दे आई, लाजती ती. दाखवील तिला वाटंल तेव्हा."

म्हणजे त्याला माहीत होतं.

"बरं" लिहिताना पण माहीत होतं.

घरी जाऊन रोल आणि फिल्म धुवायची औषधं आणली. काकूच्याच बाथरूममध्ये धुवायला बसले. टँकरचं पाणी तापून चटके देत होतं. तसल्या पाण्यात फिल्मवरचं चित्र सुटून जातं. काकूला सांगितलं तर तिनं प्यायचा माठच आणून माझ्यापुढं ठेवला.

घर पाहुण्यांनी भरलेलं. आत्या म्हणली, "वहिनी, माणसांना काय पाजता मग?"

"थांबतील थोडं."

छत्तीस फोटो. पहिले बारा-तेरा हललेले, नुसता धूर. बाकीच्यात दादा आहे. समोरून. डोळे बारीक झालेले, सगळे दात दिसतायत, गिटारवरचा हात तसाच हवेत.

फिल्म वाळल्यावर मोबाईलमध्ये काळ्याचं पांढरं उलटं करून दाखवली. काकू खिडकीपाशी लई वेळ बघत बसली.

"गातोय कुठं हा? हा तर हसतोय."

"व्हय."

"कोणाकडं बघून?"

"माझ्याकडं. मी पुढं आलेली बघून गाणं मधीच सोडलं त्यानं."

काकूनं पदरानं मोबाईलची काच पुसली.

"घरी असा हसायचा नाय गं," म्हणली.

गातानाचे तेवढे पहिले, हललेले. गातानाचा नीट फोटो मी देऊ शकले नाय तिला. आता कधीच देता येणार नाय. ती म्हणली, हाच मोठा करून आण.

काल अझहरभाईनं विचारलं, पुढच्या शोला येती का. कॅमेऱ्यात नवा रोल घातला नाय अजून.

फोटो खाली टाकलाय. थांबून बघा.

चौकातल्या बॅनरवर सगळ्यांनी तुला श्रद्धांजली लिहिलीय दादा. खाली लई नावं आहेत. माझं नाय, पण माझी पण त्यात धर.

मनी